‘एकच नाइंटी झालीय’ : दारू पिऊन गाडी चालवणं, कायदा आणि ३० मिलिग्रॅमची मर्यादा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

थर्टी फर्स्टला पन्हाळा रोडवर नाकाबंदी लागली किंवा हायवेला एखादा मोठा अपघात झाला, की कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावर हा वाद सुरू होतो. मर्यादा शून्य करा, दंड वाढवा, पोलीस उगाच अडवतात, मशीन खोटं दाखवतं. या वादात सगळ्यात जास्त गैरसमज ३० या आकड्याबद्दल आहे. बहुतेकांना वाटतं, तेवढी प्यायला सरकारची परवानगी आहे. तशी परवानगी कुठेही नाही. ३० ही खटला कुठून सुरू होतो ती रेषा आहे. त्याखाली तुम्ही नीट गाडी चालवू शकता, असं कायदा कुठेच म्हणत नाही.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय?

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. गाडी चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता. त्याच दुरुस्तीने ब्रेथ अॅनालायझरच्या जोडीला प्रयोगशाळेतली चाचणीही कलमात घातली.

मोपेड, बुलेट, रिक्षा, ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांना आकडा एकच. अमली पदार्थांसाठी मात्र आकडा नाही. त्यांच्या अमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, हे तिथे दाखवावं लागतं.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती पेग?

हा हिशोब स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या सूत्राने करतात. पोटात गेलेलं अल्कोहोल ग्रॅममध्ये काढायचं आणि शरीराच्या वजनाला एका गुणकाने गुणून येणाऱ्या संख्येने त्याला भागायचं. पुरुषांसाठी हा गुणक साधारण ०.६८ आणि बायकांसाठी ०.५५ धरतात, कारण बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि अल्कोहोल पाण्यातच पसरतं.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ३० मिलिच्या स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम, ६० च्या लार्जमध्ये २०, नाइंटीत ३० आणि १८० च्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली धरली तर ४१ ग्रॅम. म्हणजे ‘आपण फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याच्या पोटात एका बाटलीत दोन लार्ज जातात.

७० किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी हे सगळं एका दमात घेतलं असं धरू. स्मॉलला रक्तातला आकडा २२ च्या आसपास येतो, लार्जला ४५, नाइंटीला ६७, स्ट्राँग बिअरला ९१ आणि क्वार्टरला १३५. ५५ किलोच्या बाईला एका स्मॉललाच ३५ येतात. म्हणजे ‘एक पेग चालतो’ हा नियम एका लार्जलाच मोडतो. हे सगळे अंदाज आहेत. जेवण, वय, तब्येत, पिण्याचा वेग यांनी आकडा इकडेतिकडे होतो. त्यामुळे या सूत्रावर ‘माझं २८ येईल’ असा भरवसा ठेवून चावी फिरवायची नाही. किती लवकर रेषा ओलांडली जाते, एवढंच त्यातून शिकायचं.

रात्री प्यायलो, सकाळी ड्युटीवर जाताना धरतील का?

धरू शकतात, आणि हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने आकडा खाली आणतं. कुणाचं १० ने, कुणाचं २० ने.

रात्री ९ ला बसून १२ पर्यंत दीड क्वार्टर संपवली, तर ७० किलोच्या माणसाचा हिशोबी आकडा २०० च्या आसपास जातो. तो ३० वर यायला पिणं सुरू केल्यापासून साडेअकरा तास लागतात, म्हणजे सकाळचे साडेआठ. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत सात वाजता पहिल्या पाळीला बाइकवरून निघालेला हा माणूस शांत झोपून उठलेला असतो, त्याला ‘उतरलीय’ असं वाटत असतं आणि रक्तात अजून ५० असतात. शून्य व्हायला साडेदहा वाजतात.

लिंबू, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, तांबडा रस्सा?

यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते, प्रतिक्रिया सुधारत नाही. उलट ‘आता ठीक आहे’ असं वाटून माणूस गाडी काढतो. पोटभर जेवण आधी किंवा सोबत असेल तर अल्कोहोल रक्तात सावकाश चढतं आणि वरचा आकडा थोडा कमी राहतो. नंतर ओरपलेल्या रश्श्याचा काही उपयोग नाही. पान, वेलची, बडीशेपेने तोंडाचा वास झाकतो. मशीन वास घेत नाही.

मशीन कसं काम करतं? ते चुकतं कधी?

पोलिसांकडच्या चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. फुंकेतलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या पत्र्यावर ऑक्सिडाइझ होतं, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो जितका जास्त तितका आकडा जास्त. यंत्र खरं तर श्वास मोजतं. रक्ताचा आकडा ते २१०० या गुणोत्तराने काढतं, म्हणजे एक मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, तेवढंच २१०० मिलिलिटर खोल श्वासात. त्या हिशोबाने आपली ३० ची रेषा एक लिटर श्वासात ०.१४ मिलिग्रॅमच्या जवळ येते. हे गुणोत्तर प्रत्येक माणसात तंतोतंत २१०० नसतं, त्यामुळे रेषेच्या अगदी जवळच्या आकड्यांवर वाद होऊ शकतो. ३३ वर होऊ शकतो. १३३ वर नाही.

चूक व्हायची मुख्य जागा म्हणजे तोंड. आत्ताच घोट घेतला असेल, अल्कोहोलवालं माउथवॉश वापरलं असेल, ढेकर आली असेल किंवा उलटी झाली असेल, तर फुप्फुसातल्या हवेऐवजी तोंडातलं अल्कोहोल मोजलं जातं आणि आकडा एकदम उडतो. तो १५ मिनिटांत खाली येतो. म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकणं हाच खरा तपास. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यामुळे अल्कोहोल असतंच, पण ३० मिलिच्या डोसाने रक्तातला आकडा पाचेक मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाही. ‘मी फक्त अरिष्ट घेतलं’ हे कारण १५ मिनिटांनंतरच्या ८० ला पुरत नाही.

दुसरी जागा कॅलिब्रेशन. सेन्सर काळानुसार मंदावतो, म्हणून ठरावीक मुदतीने ज्ञात प्रमाणाच्या अल्कोहोल-वायूवर यंत्र तपासून दुरुस्त करावं लागतं. ऑनलाइन मिळणारी स्वस्त सेमीकंडक्टर यंत्रं इतर वायूंनाही प्रतिसाद देतात. त्यांच्या आकड्यावर स्वतःचा निर्णय घेऊ नका.

नाकाबंदीत अडवलं तर काय करायचं?

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चावी हातात ठेवा. फुंकायला सांगणारा अधिकारी गणवेशात असला पाहिजे. पोलिसांप्रमाणे मोटार वाहन विभागाच्या म्हणजे आरटीओच्या अधिकाऱ्यालाही हा अधिकार कलम २०३ ने दिलाय. नवीन, पाकीटबंद नळी मागा. फुंकण्याआधी डिस्प्लेवर शून्य दिसतंय का ते बघा. एकसारखा, लांब श्वास सोडा, तुटक फुंकलं तर यंत्र नमुना नाकारतं आणि पोलिसांना वाटतं तुम्ही टाळताय. आकडा आणि वेळ स्वतः वाचा. छापील पट्टी निघत असेल तर त्यावरचं नाव आणि वेळ बघितल्याशिवाय सही करू नका. नुकताच घोट घेतला असेल तर तसं सांगून पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी मागा.

आकडा वर आला तर पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात. गुन्हा जामीनपात्र आहे. पोलिसांसमोर घडलेल्या गुन्ह्यात कलम २०२ खाली अटक झाली, तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. सोबत न प्यायलेला, लायसनवाला माणूस असेल तर गाडी त्याच्या ताब्यात द्यायची विनंती करा. २०२१ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने पोलिसांना तसं सांगितलं. तो निकाल महाराष्ट्राला बंधनकारक नाही, पण विनंतीला आधार म्हणून तो सांगता येतो.

हुज्जत, ‘साहेबांना फोन लावू का’ आणि नोटा पुढे करणं, या तिन्हींनी प्रकरण वाढतं. शेवटच्याने तर वेगळा गुन्हा होतो.

फुंकायला नकार दिला तर सुटका?

नाही. प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर नकारावरही अटक होते आणि मग ठाण्यात रक्ताचा नमुना मागता येतो. त्यालाही योग्य कारणाशिवाय नकार दिलात, तर कलम २०५ प्रमाणे तो नकार कोर्टात तुमच्या विरोधात धरला जाऊ शकतो. नकार देऊन तुम्ही स्वतःच्या बाजूचा एकमेव ठोस पुरावाही घालवता.

रक्ताचा नमुना कसा घेतात, आणि खटले तिथेच का कोसळतात?

कोल्हापूर शहरात यासाठी बहुधा सीपीआरलाच, म्हणजे सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातच नेतात. नमुना नोंदणीकृत डॉक्टरच घेऊ शकतो. महिलेचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल, तर तो दुसऱ्या एखाद्या महिलेसमोरच घ्यावा लागतो, मग ती डॉक्टर असो वा नसो.

महाराष्ट्रात रक्त कसं घ्यायचं याचे १९५९ चे नियम आहेत. दारूबंदी कायद्याखालचे हे नियम बारीक आहेत. कातडी स्पिरिटने पुसायची नाही, निर्जंतुक पाण्यानेच, कारण बोळ्यातलं अल्कोहोल नमुन्यात आलं तर सगळंच बाद. शिरेतून किमान ५ मिलिलिटर रक्त घ्यायचं. बाटलीत रक्त गोठू न देणारं द्रव्य आणि टिकवणारं द्रव्य, दोन्ही हवीत आणि बाटली हलवून ती मिसळली पाहिजेत. मग लेबल, झाकणावर लाख, शिक्का आणि सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेकडे रवानगी.

टिकवायला सोडियम फ्लोराइड वापरतात. ते कमी पडलं आणि नमुना उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिला, तर जंतू रक्तातल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात किंवा असलेलं संपवू शकतात. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंना सरकतो. म्हणून बचावाचा वकील आधी आकड्याबद्दल विचारतच नाही. बोळा कशाचा होता, फ्लोराइड किती, बाटली कुणाच्या कपाटात किती दिवस होती, शिक्का जुळतो का, हे विचारतो. या साखळीची एक कडी जरी नोंदीत नसली तरी खरोखर प्यायलेला माणूस सुटतो. १९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. आमचं ठाम मत आहे की दंडाचा आकडा वाढवण्याआधी या बाटलीचा प्रवास पक्का करायला हवा.

नुसता वास आला, डोळे लाल होते, चाल अडखळत होती. एवढं पुरतं?

कलम १८५ च्या आकड्यासाठी पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही असं म्हटलं होतं. मोजमाप हवं.

जागेवर पावती फाडून मिटत नाही का?

नाही. हेल्मेट, सिग्नल यांसारखे गुन्हे जागेवर तडजोड शुल्क भरून मिटतात, कारण ते कलम २०० च्या यादीत आहेत. १८५ त्या यादीत नाही. प्रकरण कोर्टातच जातं आणि दंड न्यायदंडाधिकारी ठरवतात. रस्त्यावर कुणी ‘इथेच मिटवू’ म्हणत असेल तर ते पैसे सरकारजमा होणार नाहीत. लायसनही जाऊ शकतं. रस्ता सुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्ये या गुन्ह्यात किमान तीन महिने लायसन निलंबित करायला राज्यांना सांगितलंय. शिक्षा झालीच तर अपील सत्र न्यायालयात, आणि पुढे उच्च न्यायालयात जायचं तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे मुंबई गाठावी लागत नाही.

३० ही मर्यादा कडक आहे की ढिली?

जगाच्या मानाने कडक. इंग्लंड आणि वेल्समध्ये ८०, अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८० (युटाने २०१८ अखेर ५० केली), स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात ५०. जपानची श्वासाची मर्यादा जवळपास आपल्याएवढीच. स्वीडन, नॉर्वेत २०. जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांसाठी ५० आणि नवशिक्यांसाठी २० च्या वर जाऊ नका म्हणते.

८० चा पाया १९६४ ला प्रसिद्ध झालेल्या ग्रँड रॅपिड्सच्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या त्या शहरात रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी अपघात झालेल्या चालकांची तुलना त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्या, अपघात न झालेल्या चालकांशी केली. ८० नंतर धोका झपाट्याने चढतो हे त्यातून दिसलं. त्या आलेखात अगदी कमी आकड्यांवर धोका किंचित कमी दिसत होता आणि ‘थोडी घेतली की हात बसतो’ म्हणणाऱ्यांनी ते उचलून धरलं. पुढच्या विश्लेषणात कळलं की वय आणि पिण्याची सवय यांतल्या फरकामुळे तो खळगा दिसत होता. एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं तर ५० च्या खालीच बिघडायला लागतं.

आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ काय, ते उसाच्या हंगामात बघा. रात्री राधानगरी रोडला किंवा कागलजवळ समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर म्हणजे ११ मीटर. ट्रॉली दिसल्यावर तेवढंच अंतर हातात असतं. परदेशातल्या दुभाजक आणि दिवे असलेल्या रस्त्यांसाठी ठरलेला ८० चा आकडा इथे आणा म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं.

मग सरळ शून्य का करत नाहीत?

करून झालंय. १९८८ च्या मूळ कायद्यात ‘कितीही अल्प प्रमाणात’ अल्कोहोल असलं तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने ३० आणले. शून्याची अडचण मोजमापात आहे. कुठलंही यंत्र थोडं इकडेतिकडे होतं, औषधांतून आणि आंबलेल्या पदार्थांतून किंचित अल्कोहोल जातं. २ किंवा ३ या आकड्यावर फौजदारी खटला उभा केला तर कोर्टांचा वेळ अशा वादांत जाईल आणि १५० वाल्याची तारीख पुढे जाईल. सगळ्यांसाठी ३० ठेवून स्कूलबस, एसटी, केएमटी (कोल्हापूरची शहर बस), ट्रक चालवणारे आणि नवीन लायसनवाले यांच्यासाठी १० किंवा २० करणं, ही मागणी आम्हाला योग्य वाटते. तेवढ्यात यंत्राची चूकही सामावते.

दंड आणखी वाढवला तर फरक पडेल?

फार नाही. माणूस गाडी काढताना दंडाची रक्कम मोजत नाही, ‘आज कोण धरतंय’ एवढाच विचार करतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ मध्ये कुणालाही, संशय नसताना, थांबवून फुंकायला लावायचा नियम आणला आणि अपघाती मृत्यू लगेच खाली आले.

आपल्या कलम २०३ मध्ये मात्र ‘वाजवी संशय’ अशी अट आहे. सरसकट सगळ्यांना फुंकायला लावणारी नाकाबंदी या अटीत कशी बसते, हा खरा कायदेशीर प्रश्न आहे आणि तो संसदेने सोडवायला हवा. तोवर नाकाबंदी फक्त थर्टी फर्स्ट आणि गटारीला न लावता फेब्रुवारीतल्या साध्या मंगळवारी, हायवेच्या सर्व्हिस रोडवर, दुपारी लावली तरी बराच फरक पडेल.

अपघातात कुणाचा जीव गेला तर?

मग १८५ हे किरकोळ कलम उरतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, निष्काळजीपणामुळे मृत्यूला ५ वर्षांपर्यंत. पोलीस १०५, म्हणजे सदोष मनुष्यवधही लावू शकतात. २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

मालकाने ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून चालकाला पाठवलं तर?

कलम १८८. प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा. ढाब्यावर चालकासोबत बसून पाजणाऱ्या ट्रकमालकांनी हे वाचावं. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, मग मुलगा प्यायलेला असो वा नसो.

गाडीतच झोपलो तर?

मागच्या सीटवर झोपलात तर ते ‘चालवणं’ही नाही आणि ‘प्रयत्न’ही नाही. स्टिअरिंगवर बसून इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपलात तर वाद ओढवून घेता. बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपणं जिवावरही बेतू शकतं.

पिण्याचा परवाना आहे. त्याचा उपयोग होतो का?

१८५ साठी शून्य. तो दारूबंदी कायद्याखाली बाळगायचा आणि प्यायचा परवाना आहे. परवाना नसेल तर मात्र रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडल्यावर, आपण बेकायदा दारू प्यायलो नाही हे दाखवायची जबाबदारी त्या कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे तुमच्यावर येते. गोव्याहून फोंडा किंवा आंबोली घाटाने बाटल्या घेऊन येणाऱ्यांना तर तिसरंच प्रकरण लागतं, विनापरवाना वाहतुकीचं.

विमा मिळतो का?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झाली नसली तरी परिस्थितीवरून चालक नशेत होता असं दिसलं, तर दावा नाकारता येतो. म्हणजे चाचणी चुकवून पळालेल्याला गुन्ह्यातून सुटका मिळाली तरी गाडीचे पैसे मिळतीलच असं नाही. ज्याला धडक बसली त्याची भरपाई मात्र अडकत नाही. मोटार अपघात दावा प्राधिकरण बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि कंपनी ते नंतर गाडीमालकाकडून वसूल करते. ही रक्कम लाखांत जाते, आणि जप्ती येते ती घरावर किंवा शेतावर.